मुलीचं कॉलेज ठरवण्याआधी एकदा गाव बघून या

अभ्यासपाठ : दहावीनंतरचं शिक्षण, लातूरची फेरी आणि गटाची मदत



दहावीचा निकाल लागला की आपल्या मासिक बैठकीत बचत आणि हप्त्यांसोबत आणखी एक विषय हमखास निघतो. "मॅडम, पोरीला पंच्याऐंशी टक्के पडले. सगळे म्हणतात लातूरला टाका. टाकू का?" मग कोणी सांगतं, माझ्या भाच्याला टाकलं होतं, चांगलं झालं. कोणी म्हणतं, नको बाई, पोरीची जात, एवढं लांब कशाला. अर्ध्या तासात मतं खूप जमतात, पण त्यातलं लातूर कुणी स्वतः जाऊन पाहिलेलं असतं का, असं विचारलं की बैठक गप्प होते.

आपण म्हैस घ्यायची तर दोन बाजार फिरतो, धार काढून बघतो, दात मोजतो. मुलीच्या दोन वर्षांचा निर्णय मात्र मोबाईलवर आलेल्या जाहिरातीवर नाहीतर पाहुण्यांच्या शब्दावर घेतो. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर आहे. पाठ संपल्यावर तुम्हाला तीन गोष्टी यायला हव्यात : गावाची फेरी कशी आखायची, तिथे काय विचारायचं आणि पैशाची जुळणी करताना कुठे थांबायचं. लातूर हे फक्त उदाहरण आहे. तुमची मुलगी छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड किंवा पुण्याला जाणार असेल तरी रीत हीच.

लातूरचंच नाव का निघतं?

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, बीड आणि अंबाजोगाईच्या पलीकडे लातूर आहे. व्यापाराचं जुनं गाव. मधोमध गंजगोलाईची गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला, आपल्या जालन्यानंतर सव्वा वर्षाने. म्हणजे वयाने दोन्ही जिल्हे बरोबरीचेच. पण शिक्षणात त्या गावाने वेगळं नाव कमावलं.

दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झालं. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बारावीच्या मुलांकडून नेमाने सराव करून घ्यायचा, पुन्हा पुन्हा चाचण्या घ्यायच्या, तपासलेले पेपर हातात देऊन चूक समजावून सांगायची, सुट्टीतही तास घ्यायचे, अशी पद्धत तिथल्या प्राध्यापकांनी बसवली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं दरवर्षी दिसायला लागली आणि लोक त्याला 'लातूर पॅटर्न' म्हणायला लागले. यात जादू काहीच नव्हती. शिक्षकांची मेहनत होती आणि मुलांचा रोजचा सराव होता.

आता बोर्डाच्या यादीची जागा नीट आणि सीईटीने घेतली आहे. कॉलेजांच्या जोडीला खाजगी क्लासेस आले. 'ट्यूशन एरिया' म्हणून एक भागच तयार झाला. मराठवाड्यातून आणि बाहेरून हजारो मुलं तिथे येतात, त्यांच्या मागे खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आली. गावाचा मोठा व्यवहार या मुलांवर चालतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जिथे आपण गिऱ्हाईक असतो, तिथे गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत, एवढंच.

फ्लेक्सवरचे फोटो आणि खरा हिशोब

लातूरला उतरलं की चौकाचौकात फ्लेक्स दिसतात. हसरे चेहरे, खाली मार्क. बघून आईला वाटतं, पुढच्या वर्षी इथे माझ्या लेकीचा फोटो. वाटणारच. पण एक साधा हिशोब करू.

२०२४ मध्ये देशभरात नीटच्या परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या सरकारी जागा साधारण निम्म्या. म्हणजे शंभर मुलं परीक्षेला बसली तर एमबीबीएसला पाचच्या आत लागतात, आणि सरकारी फीमध्ये शिकायला मिळणारी दोन-तीन. उरलेली पंचाण्णव मुलं नापास नसतात, ढ नसतात. जागाच तेवढ्या आहेत.

म्हणून क्लासमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : "मागच्या वर्षी तुमच्या बॅचला एकूण किती मुलं होती, आणि त्यातली किती सरकारी कॉलेजला लागली?" फोटो किती आहेत हे भिंतीवर दिसतंच. एकूण मुलं किती, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पुढचा प्रश्न : "हा फोटोतला मुलगा तुमच्याकडे दोन वर्षं होता, की नुसती टेस्ट सिरीज लावली होती?" एकाच मुलाचा फोटो दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसला तर चकित होऊ नका.

हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दहावी होण्याआधी किंवा सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना घेऊ नये, रँकची किंवा मार्कांची हमी देऊ नये, मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात म्हटलंय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही क्लासच्या जाहिरातींवर नियम आणले : यशस्वी मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरायचा नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता ते सांगायचं. म्हणजे तुम्ही जे विचारताय, ते सरकारही विचारतंय.

जाण्याआधीचा गृहपाठ

१. मुलीला सोबत न्या. हा पहिला नियम. वडील आणि मामा जाऊन ॲडमिशन करून येतात आणि मुलीला खोली पहिल्यांदा सामान ठेवतानाच दिसते, असं करू नका. राहायचं तिला आहे.

२. आईने जायचं. "मला काय कळतंय" म्हणू नका. संडास-बाथरूमला कडी आहे का, जेवणात डाळ किती पातळ आहे, रेक्टर कशी बोलते, हे आईला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कोणाला कळत नाही.

३. कामाचा दिवस धरा. रविवारी गेलात तर ऑफिस बंद आणि वर्ग रिकामे. जमलं तर एक मुक्काम करा. वसतिगृह संध्याकाळी सात-आठ वाजता बघायला हवं, कारण दिवसा सगळंच बरं दिसतं.

४. रस्ता माहीत करून घ्या. अंबडकडून शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई, बीड, मग केज, अंबाजोगाई आणि लातूर. परतूर-मंठ्याच्या ताईंना परभणीकडून जाता येतं. एसटीने पाच-सहा तास तरी धरा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचा प्रवास एका तिकिटात होतो. मुलगी दिवाळीला, आजारपणात याच रस्त्याने एकटी येणार आहे, म्हणून गाडी कुठे बदलायची ते तिलाच विचारू द्या, तिकीटही तिलाच काढू द्या.

५. सोबत काय घ्यायचं? गुणपत्रकाची झेरॉक्स, आधार, एक वही, पेन. पैसे फक्त प्रवासाचे आणि जेवणाचे. फीचे पैसे घेऊन जाऊच नका. "आजच भरले तर सूट, उद्या सीट जाईल" असं ऐकायला मिळेल. पिशवीत पैसे नसले की उत्तर सोपं होतं : "घरी विचारून सांगते."

तिथे काय बघायचं, काय विचारायचं?

क्लासमध्ये : एका वर्गात मुलं किती? शिकवणारे सर वर्षभर तेच राहतात का? मुलींच्या शंका कोण सोडवतं? माध्यम कोणतं? आपली मुलगी मराठी माध्यमातून गेली असेल तर पहिले तीन महिने तिला कोण हात देणार? एकूण फी किती, हप्ते किती, पुस्तकं आणि टेस्ट त्यात की वेगळी? मध्ये सोडलं तर परत किती मिळणार? हे शेवटचं उत्तर तोंडी घेऊ नका, फॉर्मवर लिहिलंय का ते बघा.

कॉलेजात : अकरावी-बारावीचं नाव कोणत्या कॉलेजात राहणार? तिथे रोज तास आणि प्रॅक्टिकल होतात का, की नाव एका ठिकाणी आणि मुलगी दिवसभर क्लासमध्ये? बारावीचं सर्टिफिकेट आयुष्यभर लागतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा "माझ्या ओळखीने करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा.

वसतिगृहात : एका खोलीत कॉट किती? रात्री रेक्टर तिथेच राहते का? बाहेर जाताना-येताना वहीत नोंद होते का? मुलगी रात्री तापाने फणफणली तर दवाखान्यात कोण नेतं? डिपॉझिट किती आणि परत कधी? आत राहणाऱ्या मुलींशी पाच मिनिटं तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या. रेक्टरसमोर कोणी खरं सांगत नाही. मेसमध्ये पैसे देऊन एक जेवण जेवा. माहितीपत्रकातल्या जेवणाच्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

पाणी : हे वेगळं सांगते, कारण आपण टँकरचा जिल्हा आहोत आणि लातूरही त्यातलंच. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. तेव्हापासून पाऊस चांगला झाला की लोक विसरतात. तुम्ही विसरू नका. विचारा : एप्रिल-मे मध्ये इथे पाणी कुठून येतं, आंघोळीला किती मिळतं, टँकरचे पैसे वेगळे लागतात का? मुलींना पाळीच्या दिवसांत पाणी नसलं तर काय होतं हे आपल्याला सांगायला नको. कपडे वाळायला आणि पॅड टाकायला सोय आहे का, तेही बघा.

रस्ता : क्लास ते खोली हे अंतर मुलीसोबत चालून बघा. संध्याकाळी दिवे असतात का? शेवटचा तास किती वाजता सुटतो? दुकानं उघडी असतात का?

फेरीतून दुसराच रस्ता दिसला

मागच्या हंगामात मी घनसावंगी तालुक्यातल्या एका ताई आणि त्यांच्या मुलीसोबत लातूरला गेले होते. ताईंनी सांगितलंय, नाव लिहू नका, गोष्ट लिहा.

ताईंच्या मनात डॉक्टरकी होती. मुलीला ८८ टक्के. घरी मोटारपंप दुरुस्तीचं छोटं दुकान. आम्ही दोन क्लास बघितले. मुलगी मान हलवत होती, बोलत नव्हती. तिसऱ्या ठिकाणी समुपदेशनाला बसलेल्या मॅडमनी तिलाच विचारलं, "बायोलॉजी आवडते का?" मुलगी आईकडे बघत म्हणाली, "नाही. मला मोटारीचं काम आवडतं. पप्पांसोबत मी वायंडिंग करते." ताई माझ्याकडे बघायला लागल्या. पाच वर्षं ती दुकानात बसत होती, पण तो तिच्या शिक्षणाचा विषय आहे हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. दुपारी आम्ही तिकडे गेलो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रक्रियेतून, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे सगळं तिथे कळलं. येताना गाडीत मुलगीच म्हणाली, "मग जालन्यालाही सरकारी तंत्रनिकेतन आहे की." आहेच. आम्ही सगळ्या त्याच्यासमोरून दहादा गेलोय.

घरी आठ दिवस वाद झाला. आजी म्हणाली, पोरीने मोटारी दुरुस्त करायच्या का? वडील गप्प होते, मग म्हणाले, तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. शेवटी अर्जात दोन्ही तंत्रनिकेतनांची नावं टाकली, जालना वर आणि लातूर खाली. क्लास आणि खोलीसाठी गटातून मोठं कर्ज काढायचं ठरलं होतं, ते काढावं लागलं नाही. प्रवास, जेवण, मुक्काम मिळून फेरीचा खर्च दीड हजाराच्या आत होता.

याचा अर्थ लातूर वाईट आणि जालना चांगलं असा नाही. एखादीला खरंच डॉक्टर व्हायचं असतं, तिची तयारी असते, तिला लातूरने भरभरून दिलेलं आहे. एखादी फेरीतून परत येते ती "आई, मला इथेच शिकायचंय" म्हणत, आणि लांब म्हणून घाबरलेल्या आईची भीती खोली बघितल्यावर जाते. फेरीने दोन्हीकडचा गैरसमज दूर होतो. आणि आपल्या जवळ काय आहे तेही यादीत लिहा : जालन्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, उदगीरला पशुवैद्यकीय, परभणीला कृषी विद्यापीठ. डॉक्टर हा एकच रस्ता नाही. नर्सिंग, फार्मसी, शेती, पशुवैद्यक, डिप्लोमा हेही रस्तेच आहेत.

पैशाची जुळणी : कुठून आणि किती

रयत शिक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांत साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही दिलं. त्यांचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाही. पण त्या काळात बँक नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती, गट नव्हता. आज हे सगळं असताना मंगळसूत्र गहाण ठेवून क्लासची फी भरायची वेळ आपल्या एकाही ताईवर येऊ नये.

आधी पूर्ण खर्च मांडा. फक्त क्लासची फी धरू नका. दोन वर्षांचे २४ महिने धरा आणि या ओळी लिहा : क्लास, पुस्तकं-टेस्ट, कॉलेजची फी, खोली, डिपॉझिट, मेस, प्रवास, दवाखाना, मोबाईल रिचार्ज, परीक्षांचे फॉर्म. समजा मेस महिन्याला ३,००० रुपये आहे, तर नुसत्या मेसचे दोन वर्षांत ७२,००० झाले. मांडल्याशिवाय हा आकडा दिसत नाही.

आता नीट लक्ष द्या. फीची माफी आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज या दोन मोठ्या मदती बारावीनंतर येतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारण न देता मिळू शकतं, तेही मान्यताप्राप्त पुढच्या शिक्षणाला. खाजगी क्लाससाठी ते साधारणपणे मिळत नाही.

म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं हाच असा काळ, जिथे बहुतेक खर्च आपल्या खिशातून किंवा गटातून जातो. म्हणून गटाने इथेच जपून पाऊल टाकायचं. उदाहरण बघा : गटातून ५०,००० घेतले, व्याज महिना २ टक्के, तर पहिल्या महिन्याचं व्याजच १,००० रुपये. मुद्दल फिटलं नाही तर वर्षाला १२,००० नुसतं व्याज. कापूस निघेपर्यंत हप्ता कशातून देणार, हे आधी वहीत लिहा. शिक्षणासाठीच्या कर्जाला व्याज कमी ठेवायचा ठराव गटाला करता येतो. पैसे एकदम न देता क्लासच्या हप्त्याप्रमाणे दिले तर मुलीने मध्ये सोडलं तरी नुकसान कमी होतं.

राहण्याच्या खर्चासाठी आधी समाजकल्याणच्या सरकारी वसतिगृहात अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींना अकरावीपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी बारावीनंतर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. कोणती आपल्याला लागू होते आणि यंदाची तारीख काय, हे आपल्या सहयोगिनीला विचारा. उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासी दाखला मात्र आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर सेतूच्या दारात रांग असते.

पावती आणि मूळ कागद

प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या, क्लासच्या नावाची. चिठ्ठीवर आकडा लिहून दिला तर ती पावती नाही. पैसे शक्यतो ऑनलाइन किंवा चेकने द्या. मूळ गुणपत्रक आणि टीसी क्लासमध्ये किंवा खोलीमालकाकडे अडकवून ठेवू नका. पुढे पदवी कॉलेजातही, तपासणी झाली की मूळ कागद परत द्यावेत असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय. फीवरून फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पदवी कॉलेजात रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजात महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या अध्यक्ष मॅडमचं नाव फलकावर आहे का, ते फेरीतच बघा.

मुलीचं मन

गावात पहिली येणारी मुलगी लातूरला पोचते तेव्हा वर्गात सगळ्याच पहिल्या आलेल्या असतात. पहिल्या टेस्टला कमी मार्क पडतात. घरी सांगायची लाज वाटते, कारण आईने कर्ज काढलेलं तिला माहीत असतं. "तुझ्यासाठी एवढे पैसे घातले" हे वाक्य फोनवर एकदाही बोलू नका. त्याऐवजी विचारा, "जेवलीस का, झोप झाली का, मैत्रीण झाली का?" जाण्याआधीच तिला सांगा : नाही जमलं तर परत ये, घराचं दार उघडं आहे. मुलगी फार गप्प झाली, जेवण सुटलं, तर थेट जाऊन भेटा. टेलिमानस १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही. हा नंबर तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते. "लांब नको" म्हणून मुलीला घरी बसवलं की सहा महिन्यांत स्थळं यायला लागतात, हे आपण सगळ्यांनी आपल्याच गावात पाहिलंय. अठराच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १०९८ वर फोन केला की मदत मिळते. पण कायद्याच्या आधी आपण आहोत. लातूर नको ठरलं तर "मग कुठे?" याचं उत्तर त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. तालुक्याचं कॉलेज चालेल, जालना चालेल, डिप्लोमा चालेल. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा पास बारावीपर्यंत गावच्या मुलींना मोफत आहे. घरी बसवणे हा पर्याय यादीत लिहायचाच नाही.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात यंदा दहावी आणि बारावीला किती मुली आहेत? प्रत्येकीला काय आवडतं, हे आईला माहीत आहे का? मुलींनाच एका बैठकीला बोलवून विचारा.

२. आपल्या गावातली कोणती मुलगी बाहेर शिकते किंवा शिकून आली? तिला बोलवा. तिचा एक तास दहा जाहिरातींपेक्षा जास्त सांगेल.

३. चार मुलींच्या आया मिळून एकच फेरी काढता येईल का? एकीने क्लासचे प्रश्न विचारायचे, एकीने वसतिगृह बघायचं, एकीने खर्च लिहायचा.

४. शिक्षणासाठीच्या कर्जाला गटाने किती व्याज लावायचं? चर्चा करून ठराव लिहा.

या महिन्याचं काम

वहीच्या एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे लांबचं कॉलेज, उजवीकडे जवळचं. दोन्हीकडे दोन वर्षांचा पूर्ण खर्च, राहण्याची सोय, पाणी, मुलीला तिथे काय शिकायला मिळेल आणि शेवटी मुलीचं स्वतःचं मत लिहा. मत तिच्याच हस्ताक्षरात हवं. सही आईची आणि मुलीची, दोघींची. हे पान पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्या ताईंची लिहायची सवय सुटली आहे त्यांनी मुलीकडून लिहून घ्या. त्या निमित्ताने दोघी शेजारी बसाल, आणि बरंचसं बोलणं तिथेच होईल.

फेरी ठरली की मला किंवा तुमच्या सहयोगिनीला दोन दिवस आधी कळवा. गाडीची वेळ आणि विचारायच्या प्रश्नांची यादी आपण मिळून करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक